पोटासाठी आले, मग राहिले कशासाठी?

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाबद्दल वाचायला लागलात की एक वाक्य तुम्हाला भेटणारच. 'दुष्काळात मिशनऱ्यांनी धान्य वाटलं आणि लोक बाटले.' टपरीवर ते असं उघड बोललं जातं. सिनॉप्सिसमध्ये तेच 'दुष्काळकालीन सामूहिक धर्मांतर' असे इस्त्रीचे कपडे घालून येतं. आज हे वाक्य तपासायला घेऊ. ते साफ खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते अर्धं आहे, आणि उरलेला अर्धा भाग कुणी शोधायचाच नाही अशी सोय ते करून ठेवतं.

मी सुप्याची, पारनेर तालुक्यातली. एमएस्सी संख्याशास्त्रात केलं आणि पीएचडीचं काम जुन्या दुष्काळांच्या नोंदींवर चाललंय. मिशनऱ्यांच्या पत्रांकडे आणि अहवालांकडे मी गेले ती पावसासाठी. कुठल्या महिन्यात पाऊस दडी मारून बसला, ज्वारी कुठे करपली, विहिरी कधी आटल्या, हे ही माणसं नीट लिहून ठेवत. वडाळ्याचे सॅम्युअल फेअरबँक तर पक्ष्यांच्या नोंदींसाठीही ओळखले जातात. पण पाऊस शोधता शोधता पानांमागून पानं उपासनेचीच वाचावी लागतात. ती वाचताना मला सारखं वाटायचं, की आपण सगळे या लोकांच्या येण्याबद्दल बोलतो, राहण्याबद्दल कुणीच बोलत नाही.

पुढे जाण्याआधी एक इशारा. इंग्रजी कागदांत 'सुपा' दिसलं की लगेच आमचं गाव समजू नका. १२ मे १८७५ ला सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे जिथे सुरू झाले ते सुपे पुणे जिल्ह्यातलं, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, म्हणजे आजच्या बारामतीकडचं. पुढे त्या दंग्यांचं लोण पारनेर तालुक्यातही आलं, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. गाव, तालुका, जिल्हा असे तिन्ही जुळल्याशिवाय नोंद आपल्या फाईलमध्ये घ्यायची नाही.

आता ते वाक्य. त्यात दोन दावे एकमेकांना चिकटवलेले आहेत. एक, लोक दुष्काळामुळे आले. दोन, म्हणून त्यांची श्रद्धा पोटाची होती.

पहिल्या दाव्यात तथ्य आहे, पण तारखा लावून बघा. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं डिसेंबर १८३१ मध्ये. 'ज्ञानोदय' नगरहून निघालं १८४२ मध्ये. सुरुवातीच्या दशकांत थोडीच माणसं ख्रिस्ती झाली. त्यांत हरिपंत खिस्तींसारखे ब्राह्मण होते आणि हळूहळू खेड्यांतले महार, मांग येऊ लागले. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा मिशनला इथे पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि खेड्यांत छोट्या मंडळ्या उभ्या होत्या. म्हणजे दुष्काळाने संख्या फुगवली हे खरं, पण सुरुवात दुष्काळाने केली नाही. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० हे दोन दुष्काळ तर लागोपाठच आले. १८९१ च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ८९ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ८ लाख ३८ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट पन्नास हजार माणसं कमी. त्या काळात अनाथ पोरं मिशनच्या वसतिगृहांत आली, लोकांनी मिशनच्या कामावर खडी फोडली, धान्य नेलं. नगरच्या रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या कामासाठी सरकारने १९०१ मध्ये कैसर-ए-हिंद पदक दिलं. हे सगळं नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र 'धान्य दिलं, म्हणून बाप्तिस्मा घेतला' ही सरळ रेष काढण्याआधी एक बाहेरचं उदाहरण बघा. आजच्या आंध्रात ओंगोल इथे जॉन क्लाऊ नावाचे बाप्टिस्ट मिशनरी होते. १८७६-७८ च्या दुष्काळात मदतकार्य चालू असेपर्यंत त्यांनी बाप्तिस्मे देणं थांबवलं, कारण हाच आरोप होणार हे त्यांना कळत होतं. वाटप संपल्यावर, ३ जुलै १८७८ ला, एका दिवसात २,२२२ जणांचे बाप्तिस्मे झाले. धान्य संपल्यावर! आता कुणी म्हणेल की पुढच्या दुष्काळाची सोय करून ठेवली. म्हणोत. पण मग ते तसं दाखवायला हवं, नुसतं गृहीत धरून चालणार नाही.

खरी गडबड दुसऱ्या दाव्यात आहे. बाप्तिस्मा ही एका दिवसाची घटना. श्रद्धा टिकणं ही वर्षानुवर्षांची गोष्ट. आमच्या विषयात सर्व्हायव्हल ॲनालिसिस शिकवताना पहिल्याच आठवड्यात सांगतात, की पेशंट दवाखान्यात का दाखल झाला यावरून तो पुढे किती वर्षं जगला हे काढता येत नाही. त्यासाठी पुढची नोंद लागते. आपल्याकडच्या बहुतेक मांडणीत दाखल होण्याचाच आकडा असतो आणि निष्कर्ष मात्र आयुष्यभराचा.

तो आकडा येतो मिशनच्या अहवालांतून. हे अहवाल वाचताना ते कुणासाठी लिहिले होते ते विसरू नका. मिशनचं मुख्य ऑफिस बोस्टनला, देणगीदार अमेरिकेतल्या चर्चमधले. त्यांना हवं होतं बाप्तिस्मे किती, शाळा किती, मुलं किती. बाप्तिस्मा घेतलेल्या बाईने त्याच वर्षी गावकीचा धाक असताना रविवारी घरातून कसं बाहेर पडायचं, हा रकाना त्या तक्त्यात नाही. खेड्यातल्या महार-मांगांसाठी गावकीची कामं आणि बलुतं हेच पोट होतं. देवळाच्या सणातलं ठरलेलं काम नाकारलं की बलुत्यावर गदा येऊ शकत होती. म्हणजे एका हाताने मिशनकडून धान्य आलं असेल, तर त्याच श्रद्धेपायी दुसऱ्या हातातलं जाण्याची भीतीही होती. 'पोटासाठी'वाले हिशेबात जमेची बाजू घेतात आणि खर्चाची सोडतात.

मग राहण्याचा पुरावा कुठे शोधायचा? पहिलं नाव सगळे घेतात ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं. घ्यावंच. मराठीतलं इतकं जिवंत आत्मचरित्र दुसरं क्वचितच असेल. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचा संसार एका दिवसात फुटला. काही वर्षं ती वेगळी राहिली. पुन्हा नवऱ्याकडे आली तरी आपलं सोवळं सांभाळून. मग हळूहळू आतून बदलत गेली आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्या बदलात तत्त्वज्ञान शोधू नका. जात देवाने केली की माणसाने, असा साधा प्रश्न तिला पडतो आणि उत्तर मिळाल्यावर ती जेवणापासून सुरुवात करते. श्रद्धा तिच्या पुस्तकात स्वयंपाक, आजारपण, सांभाळायला घेतलेली पोरं, घरात नसलेले पैसे यांतून दिसते. प्रार्थनेची वर्णनं त्यामानाने थोडी आहेत, आणि मला ते पुस्तकाचं बळ वाटतं.

पण संशोधनाचं साधन म्हणून त्याला तीन ठिकाणी चिमटा काढायला हवा. एक, हे १९३४ पासून भागांनी छापलं गेलं, घटना त्याआधी तीस-चाळीस वर्षांच्या. आठवणीत विनोद शिल्लक राहतो आणि भीती पुसट होते, हे लक्षात ठेवायचं. दोन, आवृत्ती. संक्षिप्त आवृत्ती वाचून 'लक्ष्मीबाई याबद्दल गप्प आहेत' असं लिहू नका. अशोक देवदत्त टिळकांनी टिपांसह संपादित केलेली पूर्ण आवृत्ती घ्या. शांता गोखल्यांचं इंग्रजी भाषांतर २०१७ चं आहे, तेही शेजारी ठेवा. तिसरा चिमटा सगळ्यात मोठा. ही ब्राह्मण घरातली गोष्ट आहे. टिळकांनी गमावलं ते गोत, मान, माहेर-सासर. त्यांच्यावर पोटाचा आरोप कुणी करत नाही, कारण त्यांचं नुकसान आपल्याला दिसतं. राहुरीच्या किंवा पारनेरच्या महारवाड्यातल्या माणसाचं नुकसान दिसत नाही, कारण त्याच्याकडे आधीच काही नव्हतं असं आपण धरून चालतो. एकाच देवळात, एकाच दशकात आलेल्या दोन माणसांपैकी एकाला 'सत्यशोधक' आणि दुसऱ्याला 'तांदळाचा ख्रिस्ती' म्हणायचं, हा निकष पुराव्यातून आला की जातीतून? तुमच्या गाईडना विचारून बघा. गप्पा रंगतील.

'स्मृतिचित्रे'त ही दुसरी माणसं आहेत, पण कडेला आहेत. ती मध्यभागी कुठे सापडतात? माझं मत विचाराल तर गाण्यांत.

मराठी उपासनेत सुरुवातीला इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं इंग्रजी चालींवर गायली जात. इंग्रजी चाल आघातावर चालते, आपलं पद मात्रांवर नाहीतर अक्षरांवर. त्यामुळे शब्द कुठेही तुटतात आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या तोंडात ते बसत नाहीत. कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी देशी चालींवर पदं रचली आणि ख्रिस्ती कथेसाठी कीर्तन वापरलं. पुढे टिळक आले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत, आणि पदांमध्ये ते ऐकू येतं. अभंग, ओवी, आर्त हाक, मायबापाशी केलेलं भांडण. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीता'त त्यांची दोनशेहून जास्त पदं आहेत. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांनी मात्र 'फुलामुलांचे कवी' अशी चिठ्ठी लावून टिळकांना फुलांजवळ ठेवलं आणि ही पदं 'धार्मिक' म्हणून बाजूला सारली. रोज हजारो तोंडी असलेली कविता समीक्षेत नाही आणि वर्षातून एकदा परीक्षेला येणारी आहे, हे विचित्र नाही का?

गाणं हा टिकण्याचा पुरावा कसा, ते सांगते. खेड्यातल्या मंडळीकडे पाळक दर रविवारी येत नसे. शाळेचा मास्तर तोच उपासना चालवणारा. मास्तरची बदली झाली की पुस्तक वाचणारं कुणी नाही, घंटा नाही, कधी भिंतीही नाहीत. अशा ठिकाणी जी उपासना उरते ती पाठ असलेली. धृवपद सगळ्यांनी धरायचं, कडवं एकाने सांगायचं, टाळ-ढोलकी घरचीच. महारवाड्यात भजन नवं नव्हतं. चोखामेळ्यापासून ते चालत आलेलं होतं. त्या सवयीवर नवी श्रद्धा बसली. चर्च जणू लोकांच्या गळ्यात होतं. लक्ष्मीबाईंचंच बघा. टिळकांचं 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर अर्धवट राहिलं, ते १९१९ मध्ये गेले, आणि शाळेत न गेलेल्या या बाईने साठाहून जास्त अध्याय लिहून ते पुढे नेलं. ओवी कानात असल्याशिवाय हे होत नाही.

इथेही मर्यादा आहे. गाणारा काय मानतो हे गाण्यातून थेट वाचता येत नाही. मीही गणपतीच्या आरत्या पाठ म्हणते, त्यावरून माझ्या श्रद्धेचा आकडा काढू नका. पण निदान हे कळतं, की सांगणारं, देणारं, तपासणारं कुणी नसतानाही लोक एकत्र बसत होते. मार्च २०२० मध्ये सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली. त्या वर्षीचा ईस्टर १२ एप्रिलला, कडक लॉकडाऊनमध्ये आला. राज्यातली दारं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. त्या सात-आठ महिन्यांत घराघरांत चाललं ते पाठ असलेलंच. आमच्याकडे गल्लीतून जाताना मोबाइलवरचा प्रवचनाचा आवाज तुटायचा, गाणं तुटत नव्हतं.

'पोटासाठी' या वाक्याची आणखी कडक परीक्षा घ्यायची असेल तर पोट उलट्या दिशेला ओढत होतं तो काळ निवडा. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी आली आणि मिशनचे पैसे आटले. १९७२ च्या दुष्काळात काम आणि धान्य मुख्यतः सरकारकडून आलं. कामावर जायला कुणाचा धर्म विचारला जात नव्हता. पण सगळ्यात मोठी तारीख आहे १९५० ची.

त्या वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, पण ते संरक्षण त्या बरोबरीचं नाही. राखीव मतदारसंघ नाही, ॲट्रॉसिटी कायद्याचं छत्र नाही. म्हणजे १९५० पासून नगर जिल्ह्यातल्या महार किंवा मांग ख्रिस्ती कुटुंबाला 'ख्रिस्ती' हा शब्द दाखल्यावर लिहिण्याची किंमत द्यावी लागते. पोरीची फी, पोराची नोकरी, ग्रामपंचायतीची जागा. पोट हेच कारण असतं तर पंचाहत्तर वर्षांत या मंडळ्या रिकाम्या व्हायला हव्या होत्या. काही कुटुंबं गेली, हे खरं. १९५६ नंतर बौद्ध धम्माची वाटही समोर होती, आणि ती पोटाची नव्हे, स्वाभिमानाची वाट होती. काही कागदावर एक आणि रविवारी दुसरी झाली. आणि पुष्कळ उघडपणे राहिली. हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला लोटणारी गर्दी कुठल्या धान्याच्या रांगेत उभी आहे?

गेलेले, कागदावर गेलेले, राहिलेले हे तीन वेगळे रकाने आहेत. जनगणनेत पहिले दोन एकच दिसतात. म्हणून जनगणनेतला घटता-वाढता टक्का घेऊन 'श्रद्धा कमी झाली' असं लिहिणारा प्रबंध मला पटत नाही. तो कागद मोजतो आणि नाव श्रद्धेचं देतो.

इथे तुमच्यावर एक जबाबदारी येते, आणि ती फक्त पद्धतीची नाही. १९८५ च्या सुसई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की धर्म बदलल्यावर जात उरते एवढं दाखवणं पुरेसं नाही. जातीमुळे येणारा त्रासही तितकाच तीव्र उरतो हे दाखवायला हवं. म्हणजे न्यायालय एका अर्थी डेटा मागत होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आयोग नेमला. असा डेटा कोण गोळा करणार? आपल्यासारखेच लोक. पण दुसरी बाजूही बघा. २६ नोव्हेंबर २०२४ च्या सेल्वराणी निकालात पुदुच्चेरीच्या एका बाईचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळताना, ती नियमित चर्चला जाते ही गोष्ट तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरली गेली.

आता तुमच्या प्रश्नावलीतला चौथा प्रश्न वाचा: 'आपण दर रविवारी प्रार्थनेला जाता का?' तुमच्यासाठी हा हो-नाहीचा व्हेरिएबल आहे. समोरच्या घरासाठी तो पोराचा जातीचा दाखला आहे. मोठ्या शहरातल्या एका संस्थेची मुलं आमच्या भागात असेच छापील फॉर्म घेऊन फिरली होती, वर नाव, गाव, मोबाइल नंबरसकट. तीन-चार घरांनी दार लावून घेतलं आणि त्यांनी शेरा लिहिला, 'प्रतिसाद नाही'. प्रतिसाद होताच की! लावलेलं दार हाच प्रतिसाद, फक्त त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

त्यामुळे कामाला लागणार असाल तर नाव-गाव आणि उत्तरं पहिल्या दिवसापासून वेगळ्या वह्यांत ठेवा, आणि गावाचं नाव प्रबंधात छापायचं की नाही हे तिथल्या लोकांना विचारून ठरवा. गाव लहान असेल तर 'महार ख्रिस्ती, शिक्षक, वय ५५' एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. कागदपत्रांसाठी अमेरिकन बोर्डाची कागदं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. 'ज्ञानोदय'चे जुने अंक मिळतील तिथून सलग वाचा, सुटे नकोत. नगरमध्ये असाल तर सुरुवात अहमदनगर कॉलेजच्या ग्रंथालयापासून करा. आणि एखाद्या घरात बसायची संधी मिळाली तर रेकॉर्डर आणि फॉर्म पिशवीत ठेवून आजींना आधी एवढंच विचारा, की दुष्काळाच्या साली तुमच्याकडे कोणती गाणी म्हणायचे, आणि ती कुणी शिकवली. बहात्तर सालचं आठवणारी माणसं आता सत्तरीच्या आसपास आहेत.